बटण मेलं तर हा दांडा फिरवा

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे मालक आदरणीय मनोजशेठ पाटील. वळ गावचे माजी सरपंच आणि सत्कारमूर्तींचे बालमित्र सन्माननीय लडकूशेठ भोईर. ज्यांच्यासाठी आपण सगळे शनिवार असूनही धामणकर नाक्याच्या गर्दीतून वाट काढत या सभागृहात पोचलो ते आजचे सत्कारमूर्ती श्री. केसरीनाथ तरे, म्हणजे आपले केसरीनाथकाका. त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि सकाळपासून "मना वर कशाला बसवता" असं म्हणत असलेल्या कमळकाकू. समोर बसलेले माझे वेल्डिंगचे, वायरिंगचे, सुतारकामाचे, स्टोअरचे, ऑफिसचे सहकारी. आणि ज्यांचं अर्धं लक्ष मागच्या दारातून येणाऱ्या वड्यांच्या वासाकडे आहे हे मला इथून स्वच्छ दिसतंय, ते सर्व निमंत्रित बंधू-भगिनी, सगळ्यांना माझा नमस्कार.

ज्यांना मी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मी माधवी टिपणीस. कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम माझ्याकडे आहे. गेटबाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दाराला आतून जो हिरवा स्टिकर असतो, त्यावरची सही माझी. पाठीमागे मला काय म्हणतात तेही मला माहीत आहे. हसू नका, वायरिंगवाले. "मोजपट्टी" म्हणतात. परवापरवापर्यंत मला त्याचा मनातून अभिमान होता.

निरोपाच्या भाषणाची एक रीत असते. सत्कारमूर्तींचे गोडवे गावेत, उत्तम आरोग्य चिंतावं आणि लोकांच्या जेवणाच्या आड येऊ नये. असं भाषण मी सोमवारी लिहूनही ठेवलं होतं. दीड पान. त्यात "सचोटी" हा शब्द तीनदा होता. मंगळवारी संध्याकाळी मी ते फाडून टाकलं. कारण मंगळवारी दुपारी सव्वाचार वाजता मला एक फोन आला आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. चार दिवस झाले, ती अजून जागेवर आलेली नाही. मनोजशेठ, हे मी तुम्हालाही सांगितलेलं नाही. सगळ्यांसमोर, आज, इथेच सांगायचं असं ठरवलं होतं.

फोनकडे येतेच. पण एक गोष्ट आधी बोलून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. केसरीनाथकाका आज निवृत्त होत नाहीयेत. त्यांना आपण घालवतोय. आपल्याकडे साठी झाली तरी हात चालतो तोवर माणूस ठेवायचा, दर वर्षी एक वर्ष वाढवून द्यायचं, ही मनोजशेठांनी घालून दिलेली पद्धत आहे. सुतारखात्यातले आपले अनंतादादा पासष्टीला निवृत्त झाले. काकांना मात्र साठाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी शाल मिळतेय. का? तर त्यांच्या फाइलमध्ये एक मेमो आहे, आणि त्या मेमोखाली सही माझी आहे. तो कागद परत घ्यायला मी उभी आहे. शाल-श्रीफळ हे निमित्त समजा.

आज गावातली पाहुणे मंडळी बरीच आहेत, म्हणून आम्ही काय बनवतो ते दोन शब्दांत सांगते. आम्ही गाड्यांची घरं बनवतो. कॅरॅव्हॅन म्हणतात त्याला. आत पलंग, शेगडी, बेसिन, सगळं. लडकूशेठ पहिल्यांदा बघायला आले तेव्हा म्हणाले होते, "यवरा पैका देऊन मानसा घर सोडून गाडीन झोपाला जातान?" जातात, शेठ. हल्ली खूप जातात. धरणाच्या काठी, समुद्राजवळ, गाडी लावतात आणि दोन दिवस तिथेच राहतात. अशा गाडीच्या दारावर कापडाचं एक छप्पर असतं. प्रवासात ते नळीवर गुंडाळलेलं असतं, मुक्कामाला पोचलं की बाहेर काढायचं, म्हणजे दारासमोर सावली होते, खुर्च्या टाकता येतात. कॅटलॉगमध्ये त्याला ऑनिंग म्हणतात. काका पहिल्या दिवसापासून त्याला "पडवी" म्हणतात आणि आता सगळा कारखाना पडवीच म्हणतो. घराला पडवी नसेल तर बसायचं कुठे, हा त्यांचा साधा प्रश्न होता.

कापड म्हटलं की काका. त्यांच्या वडिलांची खाडीत होडी होती, शिडाची. त्या शिडाला ठिगळ लावता लावता ते शिवायला शिकले. पुढे खाडीतली मासेमारी आटली, काकांनी नारपोलीला आधी कापडाच्या लूमवर दोन वर्षं काढली आणि मग ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचं दुकान टाकलं. मनोजशेठांनी गोदामात पहिली गाडी बांधायला घेतली तेव्हा तिचं छप्पर शिवायला माणूस मिळेना. तेव्हा ते काकांना घेऊन आले. मनोजशेठ, बरोबर ना? मान हलवतायत. तर पहिल्या काही वर्षांतल्या सगळ्या पडव्या हाताच्या. एका टोकाला हूक, हुकात लांब दांडा, तो फिरवायचा, कापड हळूहळू बाहेर. माणूस घामाघूम. आणि मग चार वर्षांपूर्वी मी आले आणि माझ्यामागोमाग विजेची पडवी आली.

विजेची पडवी म्हणजे दाराजवळ एक बटण. दाबलं की मोटर चालते, अठ्ठावीस सेकंदांत छप्पर बाहेर. परत दाबलं की आत. म्हाताऱ्या माणसाला जमतं, एकट्या बाईला जमतं. मी तिच्या प्रेमातच पडले होते, लपवत नाही. आजही मला ती आवडते. इथे जुने लोक आहेत त्यांना ती शर्यत आठवत असेल. एका गाडीला हाताची, शेजारच्या गाडीला विजेची. इकडे मी, तिकडे काका. अख्खा कारखाना चहा घेऊन बघायला उभा. माझे अठ्ठावीस सेकंद. काकांना सहा मिनिटं लागली. टाळ्या मला पडल्या. काका दांडा भिंतीला टेकवून माझ्या गाडीजवळ आले, मोटरच्या कव्हरवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "बटन बेस हाय म्याडम. पन यो मधेच थांबला तं हात कुठं घालाचा?"

मी हसले. आता ते हसणं आठवलं की कानशिलं गरम होतात. पण तेव्हा माझ्याकडे उत्तर होतं. मोटरच्या टोकाला कंपनीनेच एक भोक दिलेलं असायचं. मोटर बंद पडली तर त्या भोकात दांडा घालून पडवी हाताने गुंडाळता यावी म्हणून. मी ते भोक दाखवलं. काकांचं समाधान झालं. झालं असं मला तरी वाटलं.

मग त्याच भोकाने घोळ केला. पहिल्याच पावसाळ्यात त्यातून पाणी आत जाऊन दोन मोटरी जळाल्या. गिऱ्हाईकं चिडली. मी अभ्यास केला, अहवाल लिहिला आणि निर्णय घेतला की भोक बंद. कव्हर अखंड. पाणी आत जायला वावच नको. मंडळी, हा निर्णय मूर्खपणाचा नव्हता. मी आजही कुणाशीही त्यावर वाद घालेन. मोटरी जळायच्या बंद झाल्या. बंद पडणाऱ्या मोटरीसाठी भोक ठेवायचं आणि त्या भोकामुळे मोटर बंद पाडायची, याला काय अर्थ आहे? हे वाक्य माझ्या अहवालात आहे. मनोजशेठांना ते फार आवडलं होतं.

आणि मी नुसता निर्णय घेऊन थांबले नाही. चाचणी केली. पाचशे वेळा उघड, पाचशे वेळा मिट. दोन आठवडे ते बटण दाबायचं काम चाललं होतं. एकदाही अडकली नाही. कुठे केली ही चाचणी? आपल्या गोदामात. पत्र्याच्या छपराखाली, तिन्ही बाजूंनी भिंती, शटर अर्धं खाली. गाड्या आपण तिथेच बांधतो, तिथेच रंगवतो, तिथेच तपासतो आणि तिथेच स्टिकर लावतो. सगळ्या तालुक्याला गोदामांचीच सवय झालीय, आपल्याला छपराबाहेरचं जग डिलिव्हरीच्या दिवशी दिसतं. जी वस्तू उघड्यावर वापरायची, ती मी आयुष्यात कधी उघड्यावर उघडून पाहिली नव्हती. गोदामात वारा कुठला?

काकांनी पाहिली होती. एका दुपारी ते तयार गाडी घेऊन, गेटपास न घेता, कशेळीच्या बाजूला खाडीकाठी गेले. वारा भरलेला होता. पडवी उघडून दोन तास तिथे बसले. परत आले तेव्हा मी गेटवर उभी होते. मी त्यांना विचारलंसुद्धा नाही की तिथे काय दिसलं. मी विचारलं, "गेटपास कुठे आहे?"

आता मेमोकडे येते. विजेच्या पडव्या आपल्याकडे एकटे काकाच बसवतात, आणि मोटर कंपनीच्या पुस्तकात एका पडवीला दीड तास दिलाय. काकांना लागायचे सव्वादोन तास. मी घड्याळ लावून पाहिलं, एकदा नाही, पाच वेळा. मोजपट्टी ना मी. त्या दिवशी खाडीवर नेलेली गाडी आणि हा पाऊण तास, असं दोन्ही मिळून या फेब्रुवारीत मी लिहिलं : "कामात दिरंगाई. सूचनांचे पालन नाही." काकांकडून लेखी घेतलं की यापुढे सूचनांचं तंतोतंत पालन करीन. त्यांनी सही केली. तीस-पस्तीस वर्षं सुई धरलेल्या हाताची ती सही किती वेडीवाकडी आली होती ते मी पाहिलं, आणि कागद फाइलला लावला. एप्रिलमध्ये मुदतवाढीचा विषय निघाला तेव्हा ती फाइल टेबलावर होती.

(कमळकाकू मान खाली घालून बसल्या आहेत.)

काकू, वर बघा. मान खाली माझी जायला हवी.

आता मंगळवारचा फोन. बदलापूरचे श्री. कुमार गोखले. गेल्या दिवाळीत त्यांनी आपली गाडी घेतली. विजेची पडवी, अखंड कव्हर, माझा स्टिकर. ते आईला घेऊन मुरबाडच्या पलीकडे एका धरणाच्या काठी गेले होते. आई, चंद्राबाई, वय ब्याऐंशी. दुपारी सगळे पडवीखाली बसलेले. एकाएकी वावटळ आली. कुमाररावांनी बटण दाबलं. मोटर एकदा घरघरली आणि गप्प झाली. कापडात वारा भरला, गाडी हलायला लागली. आणि तेवढ्यात आईच्या छातीत कळ आली.

जरा कल्पना करा. आई घामाने भिजलेली. मुरबाडचा दवाखाना अर्ध्या तासावर. गाडी चालू आहे, टाकी भरलेली आहे, आणि गाडी हलवता येत नाही. कारण बारा फूट कापड आणि दोन लोखंडी हात बाजूला पसरलेत. तसंच निघावं तर पहिल्याच झाडाला अडकणार, नाहीतर वाऱ्याने उलटून टपावर येणार. दुसरी गाडी नाही. ॲम्ब्युलन्स बोलावली तर तासभर. कुमारराव मला म्हणाले, "मॅडम, मी त्या बटणावर बुक्क्या मारत होतो."

मग त्यांच्या बायकोला काहीतरी आठवलं. दाराजवळच्या कपाटाच्या मागे, भांडी पुसायची फडकी ठेवते तिथे, एक लोखंडी दांडा सुतळीने बांधलेला तिने पाहिला होता. दांड्याला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी. त्यांनी मला फोटो पाठवला, मी तुम्हाला वाचून दाखवते. "बटन मेला तं यो दांडा फिरवा. कव्हरखाली रबर हाय, तो बाजूला करा. नव्वद फेरे. घाई करू नका." त्यांनी रबर बाजूला केलं. खाली भोक होतं. नव्वद फेरे मारले. पडवी आत गेली. आई वेळेत दवाखान्यात पोचली. मंगळवारी त्यांनी दवाखान्याच्या दारातूनच मला फोन केला होता, आभार मानायला. म्हणाले, "तुमच्या कंपनीने ते हँडल दिलं म्हणून माझी आई वाचली."

आणि मी, या कंपनीची गुणवत्ता तपासणी प्रमुख, काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "आमच्या गाडीला हँडल नसतंच."

ते म्हणाले, "मॅडम, मी ते हातात धरून उभा आहे."

मी फोन ठेवला आणि शेडमध्ये गेले. सर्व्हिसिंगला आलेल्या दोन जुन्या गाड्या उभ्या होत्या. पहिलीच्या मोटरचं कव्हर पाहिलं. खालच्या बाजूला, वाकल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, भोक. त्यावर रिक्षाच्या ट्यूबचं रबर, इतकं चपखल कापून बसवलेलं की पाण्याचा थेंब आत जाणार नाही. कपाटामागे दांडा. चिठ्ठी. दुसऱ्या गाडीला तेच. दोन्ही गाड्यांच्या दारावर माझी सही, की असलं काही नाही. जो पाऊण तास मी पाच वेळा मोजला होता, तो कशात जात होता ते मला कळलं. मी पाण्याचा प्रश्न भोक बुजवून सोडवला होता. या माणसाने तो रबराच्या तुकड्याने सोडवला, आणि हात घालायला जागाही ठेवली. माझ्या नाकाखाली. आणि त्याबद्दल मी त्यांना दिरंगाई म्हणून लिहून दिलं.

मला त्यांचा राग आला का? आला, खरं सांगते. पहिली दहा मिनिटं फार राग आला. माझ्या सहीखाली हा माणूस परस्पर काहीतरी करतो! मग मला चंद्राबाई आठवल्या, आणि रागाला बसायला जागा उरली नाही.

तर मंडळी, ही झाली हकिगत. मंगळवारपासून मी हे पोटात ठेवलंय. कुणाला बोलले नाही. म्हटलं, बंद खोलीत माफी मागून हा विषय संपवायचा नाही. जो माणूस सगळ्यांसमोर उतरला, त्याला सगळ्यांसमोरच चढवायचं. त्यांना आज इथे आश्चर्याचा धक्का द्यायचा. मनोजशेठ, हा तो मेमो. मूळ प्रत आहे, फाइलमधून मीच काढून आणलीय. मी तो चुकीचा होता असं लेखी देते. तुम्ही अध्यक्ष आहात. काय करायचं ते तुम्ही सांगा.

(मनोजशेठ मेमो हातात घेऊन वाचतात, चार तुकडे करून खिशात घालतात. माइक मागून घेतात : "म्याडम, मना आधी सांगाला पाहिजे होता. केसरीनाथ, वरीसभर न्हाय, तुझा मन हाय तवर ये." टाळ्या. लडकूशेठ उभे राहून टाळ्या वाजवतात.)

धन्यवाद, शेठ. धन्यवाद. बसा, बसा सगळे. वायरिंगवाले, शिट्ट्या पुरे.

काकू, आता तरी हसा. हां.

आता शेवटचं सांगते आणि तुम्हाला वड्यांकडे मोकळं करते. कव्हर अखंड केल्यापासून आजवर काकांनी विजेच्या चव्वेचाळीस पडव्या बसवल्या. माझ्या रजिस्टरमध्ये आहे. चव्वेचाळीस कुटुंबं आज महाराष्ट्रभर कुठेकुठे फिरत असतील, आणि त्यांना कल्पनाही नसेल की कपाटामागे सुतळीने बांधलेला एक दांडा त्यांची राखण करतोय. या चव्वेचाळीस गाड्यांच्या वतीने मी केसरीनाथकाकांना...

काय, काका? हो, बोला ना. माइक द्या त्यांना. उन्नती, तो दुसरा माइक दे.

(केसरीनाथ तरे उभे राहतात : "चव्वेचालीस न्हाय म्याडम. पस्तीस.")

म्हणजे?

("फेब्रुवारीनंतर नऊ गाड्या झाल्या. त्यांना न्हाय केला.")

काका, का नाही केलं?

("तुमी लिवून घेतलात ना माझ्याकरशी. सूचना पालीन म्हनून. सही केली मी. सही केल्यावर कसा करनार? तुमाला सांगाला आलतो केबिनमधे. तुमी बोललात, काका, त्याचा टेस्टिंग झालाय.")

...

माफ करा. एक मिनिट.

हो. आले होते. फेब्रुवारीतच. मी कॉम्प्युटरवरून मानसुद्धा वर केली नव्हती. "काका, त्याचं टेस्टिंग झालंय." असंच म्हणाले होते. शब्दन् शब्द.

नऊ गाड्या. माझ्या स्टिकरच्या. अखंड कव्हर, आत हात घालायला जागा नाही.

मंडळी, मी मंगळवारी दोन गाड्या तपासल्या आणि चव्वेचाळीस धरल्या. सर्व्हिसिंगला येणाऱ्या गाड्या जुन्याच असणार, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या कुणी असा अहवाल दिला असता तर मी त्याच्या अंगावर भिरकावला असता. आणि काका माझ्या केबिनपासून वीस पावलांवर बसतात. बुधवारी बसले होते, गुरुवारी होते, काल होते. त्यांना एक प्रश्न विचारला असता तर तेव्हाच कळलं असतं. मी विचारला नाही. कारण मला आज इथे त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. भाषण रंगायला हवं होतं ना!

उन्नती, डिलिव्हरी तूच बघतेस, तुझ्या मोबाइलमध्ये यादी आहे ना? फेब्रुवारीनंतरची. फोन लाव. आत्ता. बाहेर नको जाऊस, इथेच लाव. प्रत्येकाला एवढंच सांग, पडवी उघडू नका, उघडी असेल तर बटण चालतंय तोवर आत घ्या, आणि आमचा माणूस येईपर्यंत तिला हात लावू नका. वायरिंगवाले, तुम्ही उठा, चार नंबर तुम्ही घ्या. शिट्ट्यांपेक्षा हे जमेल तुम्हाला.

काका, या नऊ गाड्यांना दांडा आता लावता येईल?

("येल. चार स्क्रू हायेत कव्हरचे. भोक पाडाला ड्रिल लागंल, रबर मी घरशी घेतो. अडकलेली असंल तं कव्हर काडून चावीन फिरवाची, पन ती मीच फिरवीन. दुसऱ्याचा हात कापंल.")

काका, तुम्ही शाल कशाला काढताय? असू द्या... बरं. काकू, तुम्ही धरा ती.

मंडळी, बसून राहा, घाबरू नका. फोन लागतायत. मला इथून दिसतंय. दोन झाले... चार. पाचवे म्हणतायत गाडी घरीच उभी आहे. छान. सहा, सात. आठवे? घेतलाय. थँक्यू. आठ झाले.

नववा लागत नाहीये? कोण आहेत? भावेश चौधरी, पडघा. परत लाव. रेंज नाही? उन्नती, मोठ्याने सांग सगळ्यांना. काय? परवा शेगडीबद्दल फोन आला होता त्यांचा, तेव्हा म्हणाले होते, शनिवारी घरचे सगळे मिळून तानसाला जाणार आहोत. लहान मुलं आहेत बरोबर.

आज शनिवार.

कुणीतरी ती खिडकी लावा. नाही, राहू द्या, लावू नका. बाहेरचा आपला शुभेच्छांचा फ्लेक्स कसा फडफडतोय तेवढं फक्त बघा. हे मला दिसायला आज दुपार उजाडली.

लडकूशेठ, तानसाच्या बाजूला तुमच्या ओळखीचं कुणी? पोलीसपाटील? बरं, त्यांना फोन लावा. लांबलचक पांढरी गाडी, दारावर हिरवा पट्टा, पाण्याच्या काठाला असेल. तिथे माणूस पाठवायला सांगा. आम्हाला पोचायला दीड तास लागेल, त्यांना दहा मिनिटं.

अध्यक्षांचे आभार. प्रमुख पाहुण्यांचे आभार. कमळकाकू, तुमचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. निरोप समारंभ झाला नाही, असं इतिवृत्तात लिहा. तुम्ही सगळे जेवून घ्या, वडे गार करू नका, आमची पानं वाढून ठेवू नका. शेवटी बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणून बसायचं असतं. बोलण्यात माझं आज काही चुकलं नाही. चुकलं ते न बोलण्यात, मंगळवारपासून आत्तापर्यंत. त्याची माफी तुमच्याकडे मागून उपयोग नाही, ती तानसाच्या काठावर मागायचीय, आणि मागण्याजोगी राहावी एवढीच प्रार्थना करा. मनोजशेठ, तुमच्या गाडीची चावी द्या. काका जिना उतरलेसुद्धा.